तळघर वाढवण्याआधी पाण्याला विचारा

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं, की भवानीनगरचा साखर कारखाना, सणसर, बेलवाडी मागे पडतात आणि लासुर्णे येतं. तुकोबांची पालखी याच वाटेनं जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि त्या उसाचा सगळा जीव नीरेच्या डाव्या कालव्यात. माझ्या मावशीचं सासर इथलंच.

मावशीचं घर जुनं. दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि माजघराखाली एका खणाचं तळघर. फळी उचलली, की आठ पायऱ्या. बाहेर वैशाख पेटलेला असला, तरी खाली बरण्यांना गारवा. ज्वारीच्या कणग्या, लोणची आणि वारकऱ्यांच्या पंगतीची मोठी पातेली, सगळं तिथंच. गेल्या वर्षी मावशीच्या सुनेनं हौसेनं काढलं, ‘‘आत्याबाई, आणखी एक खण वाढवू आणि दोन हात खोलही करू. वाकून वाकून कंबर मोडते.’’

गावातले म्हातारे गवंडीमामा आले. म्हणाले, ‘‘वाढवा की! पण आधी परसात खड्डा काढून बघा. फरशी जिथं हवी, त्याच्याही खाली दीड हात.’’

खड्डा काढला. वर काळी माती, खाली मुरूम, आणि तळ अगदी ठणठणीत कोरडा. सगळे हरखले. मामा मात्र म्हणाले, ‘‘थांबा, कालव्याला पाणी सुटू द्या.’’ पाणी सुटलं, शिवारात उसाला पाळी झाली, आणि आठवड्यात खड्ड्यात दीड हात पाणी! म्हणजे सुनेच्या नव्या फरशीला टेकलेलं. पावसाळ्यात ते आणखी वीतभर चढलं.

असं का व्हावं? पूर्वी आपल्या देशावर जमिनीत पेवं खणून ज्वारी ठेवत. कोरड्या मुलखात ते साधायचं. 1876-77च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरेचा कालवा झाला, 1885च्या सुमारास पाणी वाहू लागलं. बारमाही ऊस आला, सुबत्ता आली; पण मुरलेलं पाणी जमिनीत साठत वरही चढलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच या कालव्याखालच्या कित्येक जमिनी पाणथळ आणि चोपण होऊ लागल्या. शेताला जे झालं, ते घराच्या पोटात कसं चुकेल?

‘‘आतून सिमेंटचा जाड गिलावा दिला तर?’’ सुनेनं विचारलं. मामा हसले. बाहेरून पाणी रेटतं तेव्हा आतला गिलावा फुगून सुटतो, फरशीही उचलते. शिवाय काळी माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यात उभ्या असलेल्या जुन्या भिंतीच्या पायाखालची माती काढली, तर घरच खचायचं.

सून दोन दिवस गप्प होती. मग मावशीनंच तोड काढली. खोली आहे तेवढीच ठेवायची आणि पडवीखाली एक खण वाढवायचा. मधल्या भिंतीत दाराएवढीच वाट काढली, तीही लोखंडी तुळई आधी बसवून. भिंतीलगतचा भाग सलग न खणता हातदोनहाताच्या तुकड्यांनी खणला. एक तुकडा बांधून पक्का झाल्यावरच पुढचा. कोपऱ्यात पाणी जमायला लहानसा हौद ठेवला, आणि समोरासमोर दोन झरोके.

झरोक्यांचा आग्रह मावशीचा. तिच्या सासूबाईंच्या देखत पेवात उतरलेला गडी बेशुद्ध पडला होता. दोर होता म्हणून वाचला. बंद जागेत धान्य हवेतला प्राणवायू संपवतं आणि जड वायू तळाशी बसतो. खाली कंदील सोडून बघायची जुनी रीत आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. आधी पंख्यानं हवा खेळवावी, आणि वर एक माणूस ठेवूनच उतरावं.

यंदा पालखीआधी मी गेले, तेव्हा नव्या खणात पातेली ओळीनं मांडलेली होती. सून अजून वाकूनच चालत होती. ‘‘कंबर दुखते, पण पाय कोरडे आहेत,’’ म्हणाली, आणि चहा टाकायला वर गेली.