बालीच्या भातखाचरांत

नकाशात भारताच्या आग्नेयेला पाहिले की समुद्रात बेटांची एक लांब माळ दिसते. हा इंडोनेशिया. सतरा हजारांवर बेटांच्या या देशात जावाच्या पूर्वेला लागूनच बाली हे लहानसे बेट आहे. देशातील बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, तर बालीतील बहुसंख्य हिंदू. मौजेसाठी येणाऱ्या परदेशी पाहुण्यांमुळे बालीच्या किनाऱ्याचे नाव जगभर झाले. पण शेतकऱ्याने पाहावे असे जे काही आहे ते किनाऱ्यावर नाही, वर डोंगरात आहे.

डेनपासर हे तिथले मुख्य शहर. तिथून मोटारीने निघाले की दीड-दोन तासांत बाटुकारू डोंगराच्या उतारावर जातिलुविह गाव लागते. गावाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर. ज्या तबानान जिल्ह्यात हे गाव आहे, त्याला बालीचे भाताचे कोठार म्हणतात. रस्ता चढू लागला की हवा गार होते आणि दोन्ही अंगांना खाचरे सुरू होतात. मावळात किंवा कोकणात उतारावर खाचरे असतात तशीच ही खाचरे, पण नजर पोहोचेल तिथवर पायरीवर पायरी चढवावी तशी रचलेली. जमीन ज्वालामुखीच्या राखेची, कसदार. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे पावसाळा आपल्या उलट, साधारण नोव्हेंबर ते मार्च.

भाषा परकी असली तरी मधूनमधून ओळखीचा शब्द कानी पडतो. गावाला 'देसा' म्हणतात, जमिनीला 'बुमी', मोसमाला 'मुसिम' आणि जिल्ह्याच्या प्रमुखाला 'बुपाती', म्हणजे भूपती! बालीचे हिंदू शक मानतात. २०२५ साली आपल्याकडे पाडव्याला शके १९४७ सुरू झाले. त्यांचे शके १९४७ आदल्याच दिवशी लागले होते. मात्र नववर्षाचा त्यांचा दिवस मौनाचा असतो. त्या दिवशी चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, रस्त्यावर माणूस दिसत नाही.

भाताशी या लोकांचे नाते किती जवळचे, ते शब्दांवरून कळते. आपण शेतात उभे असते त्यालाही भात म्हणतो आणि ताटात वाढतो त्यालाही भातच. त्यांच्याकडे शेतातला तो 'पाडी', मळणी झालेला 'गाबा', सडलेला 'बेरास' आणि शिजलेला 'नासी'. ताटात नासीबरोबर मिरचीचे झणझणीत 'सांबल' आणि पुष्कळदा 'तेंपे' असते. शिजवलेल्या सोयाबीनला बुरशीचे विरजण लावून ही वडी करतात. आपण सोयाबीन पिकवून सगळे बाजारात धाडतो. तिकडच्या बाया ते रोजच्या जेवणात वापरतात, हे आपल्या भगिनींनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

जातिलुविहचा जुना वाण तांबड्या तांदळाचा. उंच वाढतो आणि पाच-सहा महिने घेतो. खाचराच्या कोपऱ्यात श्रीदेवीचे, त्यांच्या भाषेत 'देवी स्री'चे, छोटे देऊळ असते. घरची बाई तिथे पानाच्या द्रोणात फुले आणि भाताची शिते ठेवते. कापणी झाली की पाणी भरलेल्या खाचरात बदकांचे कळप सोडतात. बदके सांडलेले दाणे आणि किडे टिपतात आणि जाताना खत टाकून जातात.

पण खरी पाहण्याजोगी गोष्ट पाण्याची. एका पाटावर ज्यांची खाचरे भिजतात त्या सर्वांची मिळून एक संस्था असते, तिला 'सुबक' म्हणतात. सुबकची हद्द गावाने ठरत नाही, पाण्याने ठरते. एकाच गावात दोन सुबक असतील किंवा एका सुबकात दोन गावांचे लोक असतील. सुबकचा प्रमुख 'पेकासेह' सभासदांनीच निवडलेला असतो. सभेत जमीन कमी की जास्त हे पाहिले जात नाही. पाट साफ करायला ठरल्या दिवशी यावे लागते, न येणाऱ्याला दंड होतो. ही व्यवस्था नवव्या शतकापासून चालत आली आहे, आणि २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला.

पाणी वाटण्याची त्यांची युक्ती साधी आहे. पाटात एक लाकडी ओंडका आडवा बसवतात आणि त्याला खाचा पाडतात. ज्याचा वाटा मोठा त्याची खाच रुंद. पाट भरून वाहो की अर्धा वाहो, प्रत्येकाच्या वाट्याचे प्रमाण तेच राहते. तूट आली तर ती एकट्या शेवटच्या शेतकऱ्याच्या माथी बसत नाही, सगळ्यांत वाटली जाते.

आता कोणी म्हणेल, वरचा शेतकरी खालच्यासाठी पाणी का सोडील? पाणी तर आधी त्याच्याच बांधाला येते. यामागे निव्वळ पापपुण्याचा विचार नाही, हिशेबही आहे. भाताचे तुडतुडे एका खाचरातून दुसऱ्यात उडून जातात, आणि उंदरांना तर बांध आडवा येतच नाही. खालच्याचे पीक उभे असताना वरच्याचे शेत रिकामे राहिले, तर कीड खाली पोसली जाते आणि पुढच्या लावणीला वर येते. सगळ्या खोऱ्याने एकदम कापणी करून शिवार मोकळे ठेवले, तर किडीला खायलाच उरत नाही. म्हणजे खालच्याला वरच्याचे पाणी हवे आणि वरच्याला खालच्याची साथ हवी. यातही एक पेच आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी लावणी धरली तर पाणी पुरत नाही; ज्याने त्याने वाटेल तेव्हा धरली तर कीड आवरत नाही. किती सुबकांनी बरोबर लावायचे आणि कोणी मागून, हे पाण्याच्या देवळांत एकत्र बसून ठरते.

ही घडी एकदा मोडली होती. इंडोनेशिया त्या काळी परदेशातून फार तांदूळ विकत घेत असे. म्हणून १९७० नंतर लवकर येणारे नवे वाण, रासायनिक खते आणि औषधे गावोगाव पोहोचली, आणि पाणी मिळेल तसे पिकावर पीक घ्या, असा सल्ला दिला गेला. सुरुवातीला उत्पन्न वाढले. पण देवळात ठरणारी पाळी सुटली, शेत मोकळे राहीना, आणि तपकिरी तुडतुडे व रोग यांनी भात खाल्ला. अमेरिकन अभ्यासक स्टीफन लान्सिंग यांनी पुढे संगणकावर खोऱ्याचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा पाणी आणि कीड या दोन्हींचा मेळ देवळांच्या जुन्या पद्धतीनेच बसतो असे दिसले. तुडतुड्यांचा त्रास साऱ्या देशात होता. औषधांनी तुडतुडे मरण्याऐवजी त्यांना खाणारे कोळी आणि मित्रकीटकच मरत होते. १९८६ साली सरकारने भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास बंदी केली. १९८९ पासून शेताच्या बांधावर शेतकऱ्यांच्या शाळा भरू लागल्या. आपल्याकडे पुढे शेतीशाळा आल्या त्या याच वळणाच्या.

नवे वाण वाईट होते असे यातून कोणी समजू नये. त्या देशाची भूक त्यांनीच भागवली आणि १९८४ साली तो तांदळात स्वयंपूर्ण झाला. बिघडले ते एवढेच, की बी बदलताना सगळ्यांनी मिळून राखायची पाळी सोडली गेली.

आज बालीच्या खाचरांवर वेगळे संकट आहे. ज्या हिरव्या पायऱ्या पाहायला पाहुणे येतात, त्याच पायऱ्यांवर हॉटेले आणि बंगले उठत आहेत. मधले एक खाचर विकले गेले की खालच्या चौघांचा पाट अडतो. तरुण मुलांना चिखलापेक्षा हॉटेलातला पगार बरा वाटतो, आणि एकर-अर्धा एकराच्या मिळकतीकडे पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण सुबकातली माणसे कमी झाली तर पाट साफ कोण करणार, ही काळजी म्हाताऱ्यांना आहे.

असे शहाणपण आपल्याकडे नव्हते असे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत काही शतके चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः न घेता पाटकऱ्याने द्यायचे. आता ती थोड्या ठिकाणी उरली आहे. २००५ साली राज्यात सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा झाला आणि पाणी वापर संस्थांना आधार मिळाला. कागदावर संस्था झाली तरी शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचवायचे काम माणसांचेच असते.

तेव्हा या हंगामात लावणीची किंवा पेरणीची तारीख ठरवताना शेजाऱ्यालाही विचारा. एका पाटावरच्या आठ-दहा घरांनी पारावर बसून एवढे जरी ठरवले, तरी औषधाचा खर्च कमी होईल, आणि पाटाच्या टोकाला असलेल्या भावाला रात्री कंदील घेऊन पाण्याची राखण करावी लागणार नाही.