झाडाची तहान ओळखावी

कोकणातून आलेल्या आपल्या कुटुंबांनी पुष्कळ सवयी बरोबर आणल्या. रोज संध्याकाळी कुंडीत तांब्याभर पाणी ओतणे ही त्यांपैकीच एक. परंतु अलिबाग-रेवदंड्याकडे ज्या चार महिन्यांत 2000 मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, नेमके तेच महिने येथे बेअरशेबात कोरडे जातात. येथील वर्षाचा पाऊस सुमारे 200 मिलीमीटर, आणि तोही हिवाळ्यात. म्हणून पेसाखपासून आपण प्रार्थनेत पावसाऐवजी दवाचे नाव घेतो. सिनेगॉगच्या कौलांवर मृगाचा पाऊस वाजत असतानाही आपले वाडवडील दवाचेच नाव घेत. त्याचा अर्थ येथे आल्यावर उमगतो.

येथील उन्हाळाही एकसारखा नसतो. जूनच्या आरंभापर्यंत अधूनमधून वाळवंटाकडून शराव सुटतो, हवेतील ओलावा पार आटतो, आणि दोन-चार दिवसांनी समुद्राकडचा वारा परत आला की रात्री पुन्हा गारवा येतो. अशा हवेत पाण्याचे ठरीव वेळापत्रक चालत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या शेजारच्या वृद्ध मावशी रुग्णालयात होत्या. त्यांच्या गच्चीतील कढीपत्त्यावर आमच्या इमारतीतील चार घरांची फोडणी अवलंबून. शराव सुटला, पाने माना टाकू लागली, आणि ज्या मुलावर झाड सोपविले होते तो घाबरून भर दुपारी बादली ओतू लागला. मी त्याला बोट मातीत खुपसावयास सांगितले. माती चिंब होती! कोरड्या वाऱ्यात पानांतून पाणी इतक्या वेगाने उडते की ओल्या मातीतूनही मुळांना तितके पुरविता येत नाही. अशा वेळी झाडाला हवी असते सावली. अधिक पाण्याने मुळे गुदमरून कुजतात. आम्ही कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकविली, खालच्या थाळीत साचलेले पाणी फेकले. सूर्यास्तानंतर पानांनी मान वर केली. मावशी घरी परतल्या तेव्हा प्रथम गच्चीकडेच गेल्या.

शिकविण्याआधी मुलाला पाहावे, हा अध्यापन-प्रशिक्षणातील पहिला धडा होता. झाडाच्या बाबतीतही तोच लागू पडतो. बोटाची दोन पेरे खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. ते सकाळी, आणि तळाच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत द्यावे. त्यामुळे मातीत साठलेले क्षारही धुऊन जातात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसला तर ते क्षारच समजावेत. वर वाळक्या पानांचे आच्छादन घालावे. आपल्या शेजारच्याच हात्सेरीम किबुत्झने 1965 साली ठिबक सिंचनाचा कारखाना काढला. थोडे पाणी थेट मुळाशी, हेच त्याचे मर्म.

कढीपत्त्याच्या बुंध्याशी फुटवे येतात. त्यांतील एक मुळासकट काढून शेजाऱ्यास अवश्य द्यावा. मात्र देताना पाण्याची ही रीतही त्याच्या मुलांना आपल्या हाताने दाखवावी.