फुगलेला लूप

आमच्या विषयात एका आलेखाला फार मान असतो. फिल्मवर विद्युतदाब चढवत-उतरवत न्यायचा आणि तिच्यावर जमणारा विद्युतभार मोजत जायचा. पदार्थ फेरोइलेक्ट्रिक असेल तर कागदावर बंद वळसा उमटतो, हिस्टेरिसिस लूप. दाब काढून घेतल्यावरही ध्रुवीकरण मागे उरतं, याची ती खूण. पीएचडी करताना मी या खुणेवर नको तितका विश्वास टाकला आणि चुकीचा आकडा परिषदेत मांडला. तो कसा आला ते सविस्तर सांगते, कारण त्यातली प्रत्येक पायरी त्या वेळी मला बरोबरच वाटत होती.

मी बिस्मथ फेराइटच्या फिल्म बनवत होते. खोलीच्या तापमानाला फेरोइलेक्ट्रिकही असणारे आणि अणूंच्या चुंबकीय रचनेतही शिस्त राखणारे पदार्थ फार थोडे. त्यांतला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला हाच. २००३ मध्ये राममूर्ती रमेश यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये त्याच्या फिल्मचं ध्रुवीकरण दर चौरस सेंटिमीटरला ५० ते ६० मायक्रोकूलॉम्ब असल्याचं छापलं आणि जगभरच्या प्रयोगशाळा या पदार्थामागे लागल्या. त्यांनी लेसरने थर बसवले होते. आमच्याकडे ती सोय नव्हती. नायट्रेटचं द्रावण करायचं, प्लॅटिनम चढवलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर थेंब सोडून तो गरगर फिरवायचा, भाजायचा, पुन्हा थर द्यायचा. भट्टीत बिस्मथ उडून जातं म्हणून ते आधीच जास्त घालावं लागतं. किती जास्त, हे मी एका पेपरातून उचललं. आमच्या भट्टीसाठी तपासलं नाही. बिस्मथ गेलं की स्फटिकात ऑक्सिजनच्या जागाही रिकाम्या पडतात आणि फिल्ममधून प्रवाह गळू लागतो.

गळक्या फिल्मचा लूपही बंदच येतो. यंत्र वाहिलेल्या प्रवाहाची बेरीज करून भार काढतं. तो ध्रुव उलटल्यामुळे आला की नुसता आरपार गेला, हे त्याला कळत नाही. फ्रिक्वेन्सी कमी केली की गळतीला जास्त वेळ मिळतो आणि लूप फुगतो. माझा लूप जास्त फ्रिक्वेन्सीला बारीक येई, कमी फ्रिक्वेन्सीला भरदार. मी भरदार निवडला. कुणी विचारलं असतं तर ‘ध्रुव उलटायला वेळ लागतो’ असं सांगितलं असतं, आणि ते मला मनापासून पटलेलंही होतं. टोकं गोलसर होती, तिकडे मी पाहिलं नाही. जेम्स स्कॉट यांनी २००८ मध्ये केळ्याच्या सालीला इलेक्ट्रोड लावून असाच बंद लूप छापला होता. तो लेख मी वाचला होता. दुसऱ्यांच्या आलेखातली गळती मला लगेच दिसायची.

परिषदेत पोस्टरपुढे एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, “पंड केलंत का?” या पद्धतीत एकाच दिशेने लागोपाठ दोन स्पंद देतात. पहिल्यात ध्रुव उलटतात आणि गळतीही होते. दुसऱ्यात ध्रुव आधीच उलटलेले असल्याने गळतीच उरते. वजाबाकी केली की खरं काय ते हाती येतं. आमच्या यंत्रात ती सोय पहिल्यापासून होती. परतल्यावर मोजलं तर पोस्टरवरच्या आकड्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरला.

चुंबकत्वाच्या बाबतीतही असंच झालं, पण ती गोष्ट मला जास्त लागते. बिस्मथ फेराइटमध्ये शेजारच्या लोह-अणूंची चुंबकत्वं एकमेकांच्या उलट असतात, म्हणून बाहेर फारच थोडं दिसायला हवं. २००३ च्या त्याच लेखातल्या मोठ्या चुंबकत्वावर केंब्रिजच्या संशोधकांनी २००५ मध्ये आक्षेप घेतला होता; त्यांत स्कॉटही होते. माझ्या फिल्मचा संकेत अपेक्षेपेक्षा मोठा आला तेव्हा मला आनंद झाला. पाच मिलिमीटर चौरस, दोनशे नॅनोमीटर जाडीची फिल्म. तिच्यापेक्षा खालच्या सिलिकॉनचाच उलटा संकेत मोठा. तो वजा केला आणि उरलेला सगळा फिल्मचा मानला. आमच्या गटातल्या नव्या मुलाने विचारलं, “ताई, कोरा तुकडा मोजलाय का?” मला राग आला होता. दोन दिवस मी ते टाळलं. मग स्टीलच्या चिमट्याने धरलेला कोरा तुकडा मोजला, तर जवळजवळ तसाच लूप. प्लॅस्टिकच्या चिमट्याने धरलेल्या तुकड्याचा आलेख सरळ रेषा. कडेला घासून राहिलेले लोखंडाचे कण मी बिस्मथ फेराइटच्या नावावर मांडले होते. परीक्षणाला गेलेला पेपर आम्ही मागे घेतला. परिषदेच्या गोषवाऱ्यांच्या पुस्तिकेत मात्र ध्रुवीकरणाचा जुना आकडा तसाच आहे.

नंतर कोबाल्ट फेराइट आणि बिस्मथ फेराइटचे थर एकावर एक दिले. चुंबकीय क्षेत्रात कोबाल्ट फेराइटची लांबी किंचित बदलते, तो ताण शेजारच्या थराला बसतो आणि तिथे विद्युतदाब निर्माण होतो. सिलिकॉनच्या जाड तुकड्याने फिल्म घट्ट धरून ठेवलेली असते, म्हणून हा परिणाम दबतो. माझा दाब मात्र फ्रिक्वेन्सीबरोबर सरळ रेषेत वाढत होता. तारांच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र गेलं की फॅरडेच्या नियमाने असंच होतं. या वेळी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. फिल्म काढून तिच्याच क्षमतेचा बाजारचा कपॅसिटर लावला. दाब जवळजवळ तेवढाच. तारांना पीळ दिल्यावर दोन्ही आकडे उतरले, आणि त्यांतला फरक गोंगाटाच्या जरा वर राहिला.

प्रबंधात तो फरक दिला, शेजारच्या रकान्यात नुसत्या कपॅसिटरचा आकडाही दिला. व्हायवाला परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्या दुसऱ्या रकान्यावर घेतला.