परदेशदौऱ्याचा कॅमेरा

आमचे सेलू वर्धा जिल्ह्यातले, परभणीचे नव्हे. इथले एक बागाईतदार इस्राएलच्या अभ्यासदौऱ्याला निघाले. “साहेब, खिशात मावणारा कॅमेरा कोणता घेऊ?”

ओळखीच्यांचे दोन कॅमेरे मागून आम्ही बोरच्या कालव्याखालील त्यांच्याच शेतात गेलो. म्हटले, “भाऊ, ठिबकच्या नळीवरची बारीक अक्षरे टिपा.” महागड्यात ती पुसट आली, साध्यात स्वच्छ. तिकडे पाहायचे ते हातभर अंतरावरचेच. माझ्या पहिल्या दौऱ्यात सगळा रोल मी बसच्या खिडकीतून संपवला. फिल्टरचा फोटो एकही नाही! गावकऱ्यांना दाखवू काय?

झूम मोजावी ती भिंगाची. डिजिटल झूम म्हणजे फोटो कातरून मोठा करणे. जादा बॅटरी हातातल्या पिशवीत ठेवावी, विमानात मोठ्या सामानात ती चालत नाही.

वहिनी म्हणाल्या, “तिथला गोठाही टिपून आणा.”