दोघांचा एक फोटो

अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा त्यांचा आणि अम्मींचा एकत्र फोटो घरभर शोधला. पेट्या उघडल्या, कपाटावरचे डबे उतरवले. हाती आले ते दोन पासपोर्ट फोटो, हजच्या अर्जासाठी काढलेले. चाळीस वर्षांचा संसार झाला, पण एका चौकटीत सासू-सासरे कधी आलेच नव्हते. अब्बा फोटोला नको म्हणत, हे एक कारण. दुसरे कारण आम्हाला असे वाटले, की फोटो काढावा अशा ठिकाणी ते दोघे कधी गेलेच नसावेत.

आपल्या समाजात नवरा-बायको घराबाहेर पडतात ते लग्नाला, मय्यतीला, दवाखान्यात किंवा एखाद्या दर्ग्यावर मन्नत फेडायला. नुसते फिरायला जायचे म्हटले, की घरातले विचारतात, "कशासाठी?" या प्रश्नाला आमच्याजवळही उत्तर नव्हते. लग्नाला नऊ वर्षे झाली, दोघेही शिक्षक, सुट्ट्या ठरलेल्या. तरी अमरावतीहून अकोल्याला माहेरी जाऊन येणे एवढाच आमचा प्रवास.

2023 च्या पावसाळ्यात दुबईला नोकरी करणाऱ्या चुलत दिरांनी फोटो पाठवले. ते आणि जाऊबाई मोटारीने ओमानमधल्या सलालाहला जाऊन आले होते. सुमारे बाराशे किलोमीटर वाळवंट आणि शेवटी धुक्यात बुडालेले हिरवे डोंगर. जून ते सप्टेंबर तिथे 'खरीफ' असतो. आपल्याकडे पाऊस आणणारा नैऋत्येचा वाराच धोफारच्या डोंगरांना भिजवतो. आपल्याकडे खरीप म्हणजे पीक, तिकडे खरीफ म्हणजे ऋतू, शब्द एकच. अम्मींनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि म्हणाल्या, "ये तो अपना चिखलदरा है!"

"आप कब गये थे?" आम्ही विचारले.

"गयी नहीं. सुना है."

घरापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचा डोंगर अम्मींनी नुसता ऐकला होता! परदेश आम्हाला परवडणार नव्हता. पण दिवाळीच्या सुट्टीत जुनी मारुती काढून निघालो. अमरावती ते अकोला सरळ रस्ता दोन तासांचा. याच महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबराचा थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. आम्ही मात्र परतवाडा, चिखलदरा, अंजनगाव, अकोट असे वळसे घेत चार दिवसांत अकोल्याला पोचायचे ठरवले. चहाची टपरी दिसली की थांबायचे, संत्र्याची बाग दिसली की उतरायचे.

अचलपूरला पाण्याच्या टाकीत उभा असलेला आठ कोनांचा हौज कटोरा पाहिला. चिखलदऱ्याला रबडी खाल्ली, कॉफीची झाडे पाहिली. दुसऱ्या दिवशी गाविलगड. बहमनी सुलतान अहमदशाहाने 1425 च्या सुमारास बांधलेला हा किल्ला डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. त्याच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे. विजयनगरच्या राज्यात दिसणारे हे चिन्ह वऱ्हाडात कसे आले, असा प्रश्न पडतो. वऱ्हाडची इमादशाही स्थापन करणारा फतहुल्लाह इमादुल्मुल्क हा विजयनगरच्या मुलुखातल्या हिंदू घरात जन्मलेला, लढाईत पकडला जाऊन बहमनींच्या चाकरीत वाढलेला. एवढे कळले, की त्या पक्ष्यापुढून पाय लवकर निघत नाही. पॅरिसचा मनोरा वर्गातली मुले चित्रावरून ओळखतात. हा दरवाजा त्यांना आम्ही कधी दाखवला नव्हता, कारण आम्हीच पाहिला नव्हता.

रात्री फोनमधले फोटो पाहिले. शंभरेक होते. एकात हे होते तर दुसऱ्यात पदर सावरणारी शिक्षिका. दोघे एकत्र कुठेच नव्हतो. अनोळखी माणसाला "फोटो काढता का?" म्हणायची आम्हाला लाज वाटत होती. बुरखा पाहून लोक काय म्हणतील, हाही विचार मनात होता. अब्बा-अम्मींची गोष्ट आम्हीही पुढे चालवत होतो.

तिसऱ्या दिवशी शहानूरला वनखात्याच्या फाटकावर नोंद करून नरनाळ्यावर गेलो. नाव महाकाली दरवाजा आणि फिकट दगडावर कोरलेली अक्षरे अरबी-फारसी, 1487 ची. शेजारी बुलढाण्याकडचे एक कुटुंब उभे होते. त्यातल्या गृहस्थांनी विचारले, "ताई, हे तुम्हाला वाचता येतं का?" उर्दू शिकवण्यात उमेदीची वर्षे गेली, पण ती वळणे सोपी नव्हती. अल्लाहचे नाव लागले, आणखी दोन-चार शब्द लागले, बाकी नाही लागले. लागले तेवढे बोटाने दाखवत वाचले. त्यांच्या मुलीने वहीत ती अक्षरे चित्रासारखी उतरवून घेतली. मग ते गृहस्थच म्हणाले, "तुम्ही दोघं उभे राहा तिथं. मी काढतो." आम्ही हातभर अंतर ठेवून उभे राहिलो. त्यांच्या पत्नी हसून म्हणाल्या, "अहो, जरा जवळ तरी या!"

तो आमचा पहिला फोटो. पुढे बाळापूरला, मन नदीच्या काठी मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाते त्या छत्रीत, आम्ही स्वतःच एका कॉलेजच्या मुलाला फोन देऊन फोटो काढून घेतला.

विक्रमाच्या रस्त्याने दोन तासांत घरी आलो. अम्मींनी चष्मा पुसून एकेक फोटो पाहिला. छत्रीच्या फोटोवर थांबल्या.

"यहाँ हम बैठे थे."

बाळापूरला एका लग्नाला गेल्या होत्या. परतीची बस मगरिबपर्यंत आली नाही. अब्बांनी शेंगांचा पुडा आणला आणि दोघे त्या छत्रीत बसून नदी पाहत राहिले. अब्बा कधी नव्हे इतके बोलले. काय बोलले, ते अम्मींनी सांगितले नाही. आम्ही म्हणालो, "एक फोटो काढायचा होता." अम्मी म्हणाल्या, "कौन निकालता?"

ते दोघे कुठे गेलेच नसतील, असे आम्ही किती सहज ठरवून टाकले होते! गेले होते. आम्हीच कधी विचारले नव्हते.

उन्हाळा लागण्यापूर्वी एका रविवारी अम्मींना घेऊन पुन्हा बाळापूरला गेलो. वाटेत शेंगा घेतल्या. "कशासाठी?" असे या वेळी घरात कोणी विचारले नाही.