फ्रीझरमधले एकवीस दिवस

मागच्या जानेवारीत आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. सांधा बदलायचा होता. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवसांत घरी सोडू, पुढचे पंधरा दिवस मात्र घरात कोणीतरी हवं. हे 'कोणीतरी' म्हणजे अस्मादिक. मी एकुलता एक, आणि बाबांनी आयुष्यात गॅसवर फक्त सिगारेट पेटवलीय (तीही पंधरा वर्षांपूर्वी सोडली). मग एकवीस दिवस वर्क फ्रॉम नाशिक मंजूर करून घेतलं.

प्रश्न पुण्याच्या घराचा होता. आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक मी करतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हौस म्हणून सुरू केला आणि मग तो माझ्याच गळ्यात पडला, असं बायको सगळ्यांना कौतुकाने सांगते. तिचं ऑफिस हिंजवडीला, घरी यायला साडेआठ. लेक नऊ वर्षांची, आठ वाजता भूक लागली की घर डोक्यावर घेते. पोळ्यांना मावशी आहेत, पण भाजी-आमटीचं काय?

"मागवू की," बायको म्हणाली.

"एकवीस दिवस?"

"अरे, लोक वर्षानुवर्षं मागवतात!"

पण माझ्यातला इंजिनिअर जागा झाला होता. लगेच एक्सेल उघडलं. एकवीस रात्रींतून शनिवार-रविवार वजा, एक दिवस सासूबाईंकडे, म्हणजे उरल्या चौदा. माणसं दोन. आमचा फ्रीज 260 लिटरचा, त्यातला फ्रीझर जेमतेम पन्नास-पंचावन्न. त्यातही निम्मी जागा मटारांनी अडवलेली, कारण जानेवारीत मटार सोलून फ्रीझरला न टाकणाऱ्या घराला आपल्याकडे घर म्हणत नाहीत.

आधीचे दोन वीकेंड टेस्टिंगमध्ये घालवले. बटाट्याचा रस्सा साफ नापास. गोठवून पुन्हा गरम केला तर बटाटा रवाळ आणि पिठूळ, लेकीच्या भाषेत 'खडू'. कढी फुटली. दुधीचा पार लगदा झाला. उत्तम पास झाले ते राजमा, छोले, मसूर, मोडाच्या मटकीची उसळ आणि आमटी. कांदा-खोबऱ्याचं वाटण तर डिस्टिंक्शनमध्ये. थोडक्यात, जे मुळातच शिजून मऊ झालंय ते टिकतं आणि ज्याची सगळी मजा करकरीतपणात आहे ते मरतं.

याचं कारण वाचलं तेव्हा भारी वाटलं. अन्न हळूहळू गोठलं की आतल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात, आणि वितळल्यावर सगळं पाणी बाहेर. झटपट गोठलं तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन 1912 मध्ये कॅनडाच्या लॅब्राडोरला गेला होता. तिथे बर्फावर पकडलेले मासे भयानक थंडीत क्षणात गोठायचे, आणि इन्युइट लोक ते कित्येक दिवसांनी शिजवायचे तरी ताजे लागायचे. त्यावरून पुढे त्याने फ्रोझन फूडचा सगळा धंदा उभा केला. माझ्या फ्रीझरमध्ये लॅब्राडोर नाही, उणे अठरा आहे. पण एक करता येतं. मोठा डबा भरून ठेवण्याऐवजी झिपच्या पिशवीत पातळ थर भरायचा, हवा काढायची, ताटावर आडवी ठेवून गोठवायची आणि मग फायलींसारख्या उभ्या लावायच्या. लवकर गोठतं, लवकर वितळतं, जागाही कमी लागते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे गरम पातेलं थेट फ्रीझरमध्ये ढकलायचं नाही, शेजारचं गोठलेलंही विरघळायला लागतं. आणि 'निवू दे' म्हणून रात्रभर ओट्यावरही ठेवायचं नाही. परातीत गार पाणी घेऊन त्यात पातेलं ठेवायचं, ढवळायचं, दोन तासांच्या आत आत टाकायचं. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. भाताबाबत तर जास्तच जपायचं, म्हणून भात मी यादीतूनच काढला. कुकर बायकोलाही लावता येतो. (हे वाक्य तिने वाचलंय. असो.)

निघायच्या आधीच्या रविवारी सकाळी सात ते दुपारी चार उभा होतो. चौदा पिशव्या, प्रत्येकीवर मास्किंग टेप, नाव आणि तारीख. फ्रीजच्या दारावर कागद: आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढणे, चांगली उकळी येईपर्यंत गरम करणे, एकदा वितळलेलं परत गोठवू नये, फोडणी आणि कोथिंबीर ऐन वेळी. गुरुवारी दुरुस्तीला वीज गेली तर फ्रीझर उघडून बघत बसू नये, भरलेला आणि बंद असेल तर दोन दिवससुद्धा थंडी धरतो. लेकीने खाली जांभळ्या स्केचपेनने लिहिलं, 'बाबा लवकर ये. छोले पहिले.'

मोठ्या तोऱ्यात नाशिकला पोचलो. दूध ठेवायला आईचा फ्रीज उघडला आणि तसाच उभा राहिलो.

वरचा कप्पा गच्च भरलेला. श्रीखंडाचे रिकामे डबे, एकावर एक. प्रत्येकावर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूची चिठ्ठी, रबरबँडने बांधलेली. 'आमटी, बाबा, मीठ कमी.' 'मटकी, दोघांना.' 'पुरण, तुला.' फडताळात भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, तीळकूट. टेप नाही, एक्सेल नाही. पण डबे बरोब्बर खायच्या क्रमाने लावलेले.

मी खरंच चिडलो. ज्या बाईला जिन्याची चार पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागतं, ती पंधरा दिवस ओट्याशी उभी होती!

"बसून निवडलं रे सगळं. फोडणीपुरती उभी राहिले."

"मी येणारच होतो ना करायला?"

"तू काय, मोबाईलवर बघून करणार. ह्यांना ते तिखट लागतं."

मोजले तर तीस डबे निघाले. "आई, तू पाचव्या दिवशी घरी येणार आहेस. तीस कशाला?"

ती लगेच बोलली नाही. पदराने चष्मा पुसला. "असू देत. माझं काही कमीजास्त झालं तर ह्यांना महिनाभर तरी..." आणि मग एकदम, "तू चहा घेणार ना?"

आम्ही फोनवर इम्प्लांटची कंपनी, इन्शुरन्स, फिजिओथेरपी, सगळं बोललो होतो. तिला भीती वाटते का, हे एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. चहा घेतला.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी तिला वॉकर धरून उभं केलं. रात्री मी हॉस्पिटलमध्ये, बाबा घरी एकटे. पहिल्या रात्री त्यांचा साडेनऊला फोन, "अरे, तो डबा तसाच गॅसवर ठेवायचा का?" प्लास्टिकचा डबा! फोनवरच त्यांना शिकवलं. डबा नळाखाली धरायचा, ढेकूळ सुटलं की पातेल्यात, थोडं पाणी, झाकण, मंद गॅस. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद झाले.

पुण्याहून रोजचा रिपोर्ट येत होता. छोले पहिल्याच दिवशी संपले. आमटीच्या तीन पिशव्या मात्र शेवटपर्यंत पडून राहिल्या, कारण मायलेकींनी परस्पर दोनदा पिझ्झा आणि एकदा मिसळ मागवली. एक्सेलमध्ये हा रकानाच नव्हता.

आई पाचव्या दिवशी दुपारी घरी आली. पलंगावर टेकते न टेकते तोच बाबा आत गेले. मी मागे जायला लागलो तर हाताने थांबवलं. वीस मिनिटांनी ताट घेऊन आले. मी लावलेल्या कुकरमधला भात, वाफाळती आमटी, कडेला लिंबाची फोड. गेल्या पन्नास वर्षांत त्यांनी तिला ताट वाढून दिल्याचं मला तरी आठवत नाही. तिलाही आठवत नसावं, कारण ती नुसतीच ताटाकडे बघत राहिली.

मग एक घास घेतला.

"ह्यात मीठ कुठाय?" आई म्हणाली.