अंत्यविधीचे पैसे मिळाले, जागेचे काय?

आमचे आजोबा महार रेजिमेंटचे. 1941 साली बेळगावात उभी राहिलेली ही पलटण. तिच्यासाठी बाबासाहेबांनी किती पाठपुरावा केला, हे आजोबा आम्हा नातवंडांना शंभरदा सांगायचे. 1971 च्या लढाईत ते होते. गेले ते भर पावसात.

गावची स्मशानभूमी डांबरी रस्त्याला लागून आहे. शेड आहे, चौथरा आहे, दिवाही आहे. आमची ओढ्यापलीकडे. गुडघाभर पाण्यातून आम्ही तिरडी नेली. चौघांनी ताडपत्री धरली, तिच्याखाली त्रिसरण-पंचशील झाले. ओली लाकडे पेटेनात, तेव्हा दोन कॅन रॉकेल आणले.

कोणी अडवले का? नाही. आम्ही विचारलेच नाही. विचारायचे नसते, हे आमच्या वाडीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

पुढे माजी सैनिकाच्या अंत्यविधीसाठीच्या मदतीचा अर्ज भरला. डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, आजीच्या पासबुकाची झेरॉक्स. पैसे आले. चार महिने लागले, पण आले. उगाच नावे ठेवणार नाही. अर्जात नाते विचारले होते, खाते क्रमांक विचारला होता. अंत्यविधी कुठे झाला, हे मात्र कुणी विचारले नव्हते.

सरकार लाकडांचे पैसे देते. जागा गावाच्या हातात ठेवते. आणि गाव म्हणजे कोण, हे आम्हाला सांगायला नको.

अमेरिकेत माजी सैनिकाला राष्ट्रीय दफनभूमीत कबर आणि शिळा मोफत मिळते. तिथे तरी सगळे सरळ होते का? 1950 साली कोरियात मारला गेलेला सार्जंट जॉन राइस हा विनेबागो जमातीचा आदिवासी. पुढच्या वर्षी सू सिटी गावातल्या खासगी दफनभूमीने, जागा फक्त गोऱ्यांसाठी आहे म्हणून, ऐनवेळी त्याचे दफन थांबवले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याला आर्लिंग्टनमध्ये जागा दिली. म्हणजे सरकारजवळ स्वतःची जमीन होती, म्हणून तो प्रश्न एका आदेशात सुटला.

आपल्याकडे जून 2016 मध्ये पांपोरच्या हल्ल्यात सीआरपीएफचे वीर सिंह शहीद झाले. उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबाद जिल्ह्यातले, नट समाजाचे. अंत्यसंस्कारासाठी सार्वजनिक जागा द्यायला सवर्ण गावकऱ्यांनीच विरोध केला. प्रशासनाने समजूत काढल्यावर दहा बाय दहा मीटरचा तुकडा मिळाला. ताज्या शहिदाची ही गत, तर निवृत्त होऊन चाळीस वर्षे झालेल्या म्हाताऱ्याला कोण विचारतो?

म्हणून आमची मागणी रक्कम वाढवा अशी नाही. अर्जात एक रकाना वाढवा: अंत्यविधी गावच्या सार्वजनिक स्मशानभूमीत झाला का? नसेल, तर का नाही? उत्तर ग्रामसेवकाच्या सहीने घ्या. गावात एकच स्मशानभूमी नसेल, तर त्या गावाला शेडसाठी निधी देऊ नका.

काही जण म्हणतील, मेल्यावर कसली जात? त्यांनी पावसाळ्यात आमच्या ओढ्यावर यावे.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी आम्ही एकाच स्मशानभूमीच्या ठरावाचा अर्ज दिला आहे. आजीही येणार आहे. आजोबांची मेडल्स तिने आतापासूनच पदराला पुसून ठेवली आहेत.